कार्डाचे पार्ट महागले, रेट मात्र बांधलेला. काय करावं?

कुपवाडकर:
मंडळी, कुपवाड एमआयडीसीत छोटं युनिट आहे, शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरची कंट्रोल कार्डं बनवतो. एका पॅनेलवाल्याशी १५०० कार्डांचा रेट ६ महिन्यांसाठी ठरला. तेव्हा कार्डाचा मेंदू असलेली एसटीएम३२एफ१०३ चिप १४० रुपयांना धरली होती, आज व्यापारी २१० सांगतो. तांबं चढलं म्हणून रिलेवाल्याचाही (रिले म्हणजे विजेनं चालणारा स्विच) भाववाढीचा मेसेज येऊन पडलाय. अजून ६०० कार्डं द्यायचीत. भाव वाढवून मागू की गपगुमान सोसू? मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चिप स्वस्त मिळते म्हणतात, खरंय का?

सोल्डरधूर:
मिळते, पण जपून. २०२१ च्या टंचाईत मी एकाकडून असाच एक ट्रे उचलला होता. छपाई अगदी अस्सल. प्रोग्रॅमर (चिपमध्ये कोड भरायचं यंत्र) जोडला तर कोअर आयडी, म्हणजे चिपच्या आतला ओळख क्रमांक, १बीए०१४७७ यायला हवा, आला २बीए०१४७७. एसिटोनचा बोळा फिरवला, तर नावच पुसलं गेलं! बिल कच्चं, भांडणार कुणाशी? आधी ५ नग घ्या, आयडी वाचा, मगच ट्रे.

आबा भोसरी:
नुसत्या चिपचेच ६०० वर ४२ हजार होतात. जुनं बिल, नवं बिल समोर ठेवा आणि निम्मं मागा. सगळं मागितलंत तर तो पुढची ऑर्डर दुसऱ्याला देईल. भाव नाहीच वाढवला तर पैसे तरी वेळेत मागा. लघुउद्योगाची सरकारी उद्यम नोंदणी असेल तर लेखी करारातही ४५ दिवसांच्या वर उधारी चालत नाही, आणि मुदत उलटून वर्षअखेरीलाही पैसे थकलेले असले तर आयकराच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यात ४३बी(एच)) त्याला त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. त्याच्या सीएला हे बरोब्बर माहीत असतं. पुढच्या कोटेशनवर भावाची मुदत १५ दिवस, चिप आणि रिले वेगळ्या ओळीत, शेजारी त्या दिवशीचा डॉलर.

रिकामा लूप:
चिपला पर्याय म्हणून जीडी३२एफ१०३ बघा, पिनला पिन बसते. फक्त फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, तपासा. आम्ही बसवली तेव्हा एलसीडी कोराच. अख्खा दिवस सोल्डरिंगला शिव्या घातल्या. निघालं काय, तर तिच्यात कोड जास्त वेगानं पळतो, त्यामुळे रिकाम्या लूपचे डिले (वेळ काढायला नुसत्या फिरवलेल्या कोडच्या फेऱ्या) आखूड पडत होते. डिले टायमरवर घेतले, चालू. आणि पुढच्या बोर्डावर रिलेसाठी दोन मेकची भोकं पाडून ठेवा, म्हणजे एकाच्याच दारात उभं राहावं लागत नाही.

कुपवाडकर:
मग ६०० चिपा आत्ताच उचलून ठेवू?

आबा भोसरी:
चिपा उचला, बाकी किरकोळ माल नको, पैसा अडकतो. पण चिपांचं ओल न शिरणारं सीलबंद पाकीट फोडू नका. फोडल्यावर १६८ तासांत लावून मोकळं व्हायचं, नाहीतर आधी बेक करायचं, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून ओल घालवायची. पावसाळ्यात ओल धरलेली चिप रिफ्लोमध्ये (सोल्डर वितळवायच्या भट्टीत) लाहीसारखी फुटते.

कुपवाडकर:
जाऊन आलो. निम्म्याला तयार नाही, कार्डामागे ३० देतो म्हणाला. दोन्ही बिलं मात्र चष्मा लावून वाचली. जीडीच्या ५ चिपा मागवल्यात.