डॅटसन २४०झेड या जुन्या स्पोर्ट्स कारमधलं मूळ एल२४ इंजिन काढून मोठं एल२८ इंजिन टाकावं का?

स्पॅनरबाबा: माझं मत सरळ आहे, डॅटसन २४०झेडमधे एल२८ टाकायला काहीच हरकत नाही. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, इनलाइन सिक्स म्हणजे एका रांगेत सहा सिलिंडर, ब्लॉक बाहेरून जवळपास सारखाच, जुने माउंट जुना गिअरबॉक्स सगळं बसतं, बॉडीला एक कट नाही की वेल्डिंग नाही. २३९३ सीसीचे २७५३ होतात. आणि निस्सानने (डॅटसन हा त्यांचाच ब्रँड) स्वतः १९७५ पासून २४०झेडच्याच बॉडीच्या, म्हणजे एस३० च्या, २८०झेडमधे हेच इंजिन दिलं, मग आपण टाकलं तर एवढा गहजब कशाला?

तेलकट हात: गहजब नाही हो, पण इंजिन बे मधली पाटी वाचलीये का कधी? २४०झेडच्या पाटीवर २३९३ सीसी छापलेलं असतं आणि गाडीचा नंबर, इंजिनचा नंबर दोन्ही ठोकलेले असतात. ब्लॉकवर वेगळा नंबर दिसला की मॅचिंग नंबर्सचा, म्हणजे गाडीत तिचं मूळ इंजिनच आहे याचा, विषय संपला, घेणारा माणूस पहिला टॉर्च तिथेच मारतो.

स्पॅनरबाबा: मूळ इंजिन भंगारात कोण घालतंय? प्लगच्या भोकांतून तेल सोडायचं, पोर्ट बंद करायचे, स्टँडवर झाकून ठेवायचं. उद्या वाटलं तर परत बसवा.

चौथा गिअर: मोठं इंजिन म्हणजे चांगली गाडी हे कोणी सांगितलं? ब्रिटिश एमजी कंपनीची एमजीसी आठवा. १९६७ मधे त्यांच्याच चार सिलिंडरच्या एमजीबी या स्पोर्ट्स कारच्या बॉडीत २९१२ सीसीचं सहा सिलिंडर कोंबलं, त्यासाठी पुढचं सस्पेन्शन बदलून टॉर्शन बार (पिळल्यावर स्प्रिंगसारखे काम करणारे दांडे) घातले, बॉनेटला टेंगूळ काढलं, एवढं करून नाक जड ते जडच. वळणावर सरळ जायला बघते म्हणून लोकांनी नावं ठेवली आणि १९६९ मधे बंद. आणि हे खुद्द कंपनीचं काम बरं का, गल्लीतल्या मेकॅनिकचं नाही.

स्पॅनरबाबा: अहो तिथे चार काढून सहा घातले! इथे सहाच्या जागी सहाच, वजनात म्हणण्यासारखा फरक नाही. उगाच काहीतरी.

टॅपेटची टकटक: एक विचारू का, जे लोक एल२८ ने गाडी उडायला लागली म्हणतात त्यांनी आधी जुन्या इंजिनची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधे दाब नीट बनतो का याची तपासणी, केली होती का? रिंगा घासलेलं, टॅपेट सेटिंग कधी न केलेलं, दोन कार्ब (कार्ब्युरेटर) दोन दिशेला चाललेले असं एल२४ काढायचं आणि ताजं बांधलेलं एल२८ घालायचं, मग फरक पडणारच ना राव, तेवढाच खर्च एल२४ वर केला असता तरी पडला असता. आणि एल२४ चा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७३.७ मिमी, एल२८ चा ७९, खालून ओढायला २८ भारी हे मान्य, पण २४ ज्या मोकळेपणाने वर चढतं ती मजा मला तरी २८ मधे येत नाही. माझं मत, भांडू नका.

तेलकट हात: +१. आणि बोल्ट-इन बोल्ट-इन म्हणून नाचणाऱ्यांनी हेही सांगावं की जुने कार्ब ठेवले तर त्यातल्या पेट्रोल मोजणाऱ्या नीडल बदलाव्या लागतात, नाहीतर मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. काहीजण हौसेने सुरुवातीच्या एल२४ चं हेड सपाट डोक्याच्या (फ्लॅट टॉप) पिस्टनवाल्या एल२८ वर चढवतात, त्या हेडमधलं जळणाचं चेंबर लहान म्हणून कॉम्प्रेशन वाढतं आणि साध्या पेट्रोलवर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू. शिवाय मागे ड्रम ब्रेक आहेत ते विसरू नका.

स्पॅनरबाबा: नीडलचं बरोबर, हेडचंही बरोबर. पण ड्रमचं काय घेऊन बसलात, २८०झेडला पण मागे ड्रमच होते, डिस्क २८०झेडएक्स ला आल्या.

चौथा गिअर: टाका मग, कोण अडवतंय. फक्त विकताना इंजिन बदललंय हे कागदावर लिहून द्या. नंबर घासून जुना नंबर ठोकणारे महाभाग पण असतात, घेणारा बिचारा मूळ इंजिनचे पैसे मोजतो.

स्पॅनरबाबा: ते करणारा चोर. त्याला माझ्या बाजूला बसवू नका.