मदत हवी आहे: पेपरमधून नाव काढलंय तरी जर्नल म्हणतंय "लेखकाची ओळख पटते"

पारसिकच्या_पायथ्याशी
नमस्कार. शिक्षणाच्या इतिहासावरच्या जर्नलला कोणी संशोधनाचा पेपर पाठवलाय का इथे? मी गेल्या सोमवारी सबमिट केला आणि बुधवारी परत आला. रिजेक्ट नाहीये, "अनसबमिट" असं दिसतंय आणि खाली एकच वाक्य, की हस्तलिखितातून लेखकाची ओळख पटते, ती काढून पुन्हा टाका (पेपर वाचणाऱ्या परीक्षकांना लेखक कोण ते कळू द्यायचं नसतं ना). अहो पण पहिल्या पानावरचं नाव, कॉलेज, इमेल सगळं मी काढलंय, तीन वेळा तपासलं. त्यांना इमेल केला तर तेच वाक्य परत आलं. शुक्रवार शेवटची तारीख आहे आणि मधे माझे पेपर तपासणीचे गठ्ठे पडलेत. दीड वर्ष घातलंय यात. प्लीज ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा.

ऐरोली_सेक्टर८
वर्डची फाइल टाकली की पीडीएफ? पेपर इंग्रजीत आहे की मराठीत? तळटिपा आहेत का? टायटल पेज वेगळी फाइल म्हणून दिलंत का? हे कळल्याशिवाय काय सांगणार ताई.

घोडबंदरचा_रहिवासी
एवढा त्रास कशाला घेताय, माझ्या मेहुण्याने कॉमर्सचा पेपर दिला होता, साडेतीन हजार भरले आणि आठव्या दिवशी छापून आला, वर सर्टिफिकेट पण दिलं. यूजीसीच्या केअर लिस्टमधलं, म्हणजे मान्य जर्नलांच्या यादीतलं होतं. नंबर हवा असेल तर व्यनि करा.

नेरूळ_पूर्व
@घोडबंदर, कृपा करून असे सल्ले देऊ नका. केअर लिस्ट यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली, आता कुठलं जर्नल चांगलं ते ज्या त्या विद्यापीठाने ठरवायचंय. त्यामुळे "लिस्टमधलं आहे" हे वाक्य जो तुम्हाला आज ऐकवतो तो पैसे काढायला बसलाय. आणि आठ दिवसांत दोन जाणकारांनी पेपर वाचून शेरे दिले, लेखकाने दुरुस्त्या केल्या, हे होऊच शकत नाही. चांगल्या जर्नलच्या नावाने हुबेहूब खोटी वेबसाइट काढतात, आयएसएसएन (जर्नलचा नोंदणी क्रमांक) पण तोच टाकतात. मी स्वतः अशा एका साइटला फसले आहे, पेपर गेला तो गेला, आता तो दुसरीकडे देताही येत नाही. म्हणून एवढं तळमळीने लिहितेय.

घोडबंदरचा_रहिवासी
सगळेच पैसे घेतात हो. परदेशी जर्नल तर लाखात मागतात.

ऐरोली_सेक्टर८
दोन्ही वेगळं आहे. मोठ्या प्रकाशकांकडे पैसे मागतात ते ओपन अॅक्सेस (लेख सगळ्यांना फुकट वाचायला खुला) हवा असेल तर, तेही पेपर स्वीकारल्यावर. 'हिस्टरी ऑफ एज्युकेशन क्वार्टर्ली' केंब्रिजकडून निघतं, 'हिस्टरी ऑफ एज्युकेशन' आणि 'पेडागॉजिका हिस्टॉरिका' टेलर अँड फ्रान्सिसकडून. नेहमीच्या सबस्क्रिप्शनच्या वाटेने गेलात तर लेखकाला फी भरावी लागत नाही. स्वीकारायच्या आधीच जो पैसे मागतो त्याच्यापासून लांब राहा. पण ताईंनी हे विचारलंच नाहीये.

पारसिकच्या_पायथ्याशी
हो ना! पैसे भरायचा प्रश्नच नाही, मला फक्त ही ओळख कुठून दिसतेय ते कळू दे.
पेपर इंग्रजीत आहे, वर्डची फाइल, तळटिपा ७२. टायटल पेज वेगळं दिलंय. विषय सांगते म्हणजे कळेल. माझे पणजोबा मुरबाडकडच्या ████ गावच्या शाळेत हेडमास्तर होते, त्यांच्या वेळचं शेरेबुक आमच्या घरात माळ्यावर सापडलं, १९१९ ते १९३१. पटेल कायद्याने सक्तीचं प्राथमिक शिक्षण आल्यावर खेड्यातल्या शाळेत प्रत्यक्षात काय होत होतं ते तपासणीला येणाऱ्या डेप्युटी साहेबांच्या शेऱ्यांवरून मी मांडलंय. भात लावणीच्या आठवड्यांत हजेरी निम्म्याच्याही खाली, आणि साहेब नेमके तेव्हाच तपासणीला यायचे आणि मास्तरांवर ताशेरे मारून जायचे. शाई तपकिरी झालीय, काही पानं वाळवीने खाल्लीत, पण अक्षर वाचता येतं.
जर्नल कोणतं ते सांगू का?

नेरूळ_पूर्व
नको! जर्नलचं नाव इथे अजिबात लिहू नका, आणि गावाचं नाव लिहिलंय ते आधी काढा. शिक्षणाच्या इतिहासावर, त्यातही मुंबई इलाख्यावर काम करणारी माणसं किती? तुमचा पेपर ज्याच्याकडे जाईल तो हा धागा वाचत असेल हे अगदी शक्य आहे.

पारसिकच्या_पायथ्याशी
बाप रे. काढलं.

कोपरीचा_संशोधक
पीएचडीसाठी करत असाल तर एवढी धावपळ नका करू, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत थीसिस सबमिट करण्यापूर्वी पेपर छापलाच पाहिजे ही अट काढलीय. आणि साहित्यचौर्याचं म्हणाल तर १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, २०१८ चा नियम आहे. तुमचं किती आलंय?

ऐरोली_सेक्टर८
कोपरी साहेब, अट काढली तरी विद्यापीठाला स्वतःची अट ठेवता येते, बऱ्याच ठिकाणी आहे. पण ताईंनी पीएचडीचं कुठे म्हटलंय?
ताई, आता पुढच्या गोष्टी एकेक करून बघा. फाइलचं नाव काय दिलंय? वर्डमध्ये फाइल, मग इन्फो, मग इन्स्पेक्ट डॉक्युमेंट असं जा, तिथे लेखक म्हणून लॅपटॉपवरचं नाव आपोआप बसलेलं असतं ते पुसा. ट्रॅक चेंजेस आणि कॉमेंट उरल्या असतील तर त्यातही नाव दिसतं. आणि मुख्य म्हणजे तळटिपा वाचा, आभार कुठे आहेत ते बघा, स्वतःचाच आधीचा लेख "माझा लेख" म्हणून दिलाय का बघा. सगळ्यात जास्त पेपर याच कारणाने परत येतात.

नौपाड्यातले_काका
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं होतो, शेरेबुक म्हटल्यावर राहवलं नाही. बाई, एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. विठ्ठलभाई पटेलांचा १९१८ चा कायदा नगरपालिकांसाठी होता. ज्या नगरपालिकेला सक्ती करायची तिने सरकारकडून परवानगी घ्यायची असा तो होता. मुरबाडकडच्या खेड्याला तो लागूच नव्हता. तुमच्या शाळेशी संबंध येतो तो १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याचा. त्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या हातात गेल्या, स्कूल बोर्डं आली. "पटेल कायद्याने सक्ती आल्यावर" असं तुमच्या पेपरात पहिल्या पानावर असेल तर वाचणारा तिथेच थांबेल.

पारसिकच्या_पायथ्याशी
काका मी ओळख काढण्याचं विचारतेय, कायद्याचं नाही. ते वाक्य एका प्रसिद्ध पुस्तकात वाचून घेतलंय मी. आधी परत गेलेलं तर नीट होऊ दे.

ऐरोली_सेक्टर८
ताई, काका बरोबर आहेत. मुंबई शहराला सुद्धा १९२० चा वेगळा कायदा करावा लागला, १९१८ चा पुरला नाही. पेपर सध्या अनसबमिट आहे म्हणजे तो अजून कोणाकडे वाचायला गेलेलाच नाही, आशय बदलायची हीच वेळ आहे. एकदा परीक्षकांकडे गेला की दोन-चार महिने हात लावता येणार नाही. पुन्हा टाकताना कव्हर लेटरमध्ये एका ओळीत सांगा की अमुक भाग दुरुस्त केलाय.

ठाणे_वेस्ट_वाचक
विषय निघालाच आहे तर मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बघा कोणी, १८९३ ची संस्था आहे, जुने अंक आहेत तिथे. ठाण्यातून १८६६ साली 'अरुणोदय' निघत होतं हे आजच्या ठाणेकरांना माहीत तरी आहे का. मोडी वाचायला शिकवणारं कोणी आहे का पूर्वेकडे?

वाशी_स्टेशन
मोडीसाठी मलाही हवंय, आजोबांच्या जमिनीचे कागद आहेत. ताईंचं शेरेबुक मोडीत आहे का?

पारसिकच्या_पायथ्याशी
मोडी नाही, बाळबोध आहे, सह्या तेवढ्या मोडीत.
बरं, रात्री जेवणं झाल्यावर सगळं उघडून बसले. फाइलच्या नावात माझं आडनाव होतं. गाइडच्या कॉमेंट मी "रिझॉल्व्ह" केल्या होत्या, पुसल्या नव्हत्या, प्रत्येकीवर मॅडमचं पूर्ण नाव. पहिल्याच तळटिपेत आई, मामा आणि माझ्या कॉलेजच्या प्राचार्यांचे आभार. चौदाव्या तळटिपेत "माझ्या आधीच्या लेखात मी दाखवल्याप्रमाणे". हे सगळं माझ्या डोळ्यासमोर होतं आणि मी फक्त पहिलं पान तपासत होते.
पण आता एक मोठा प्रश्न. मजकुरात दहा-बारा वेळा "माझे पणजोबा" आहे. प्रत्येक पानाखाली त्यांची सही आहे, फोटोत पण दिसते. ती पण खोडायची का? मला ते पटत नाही, त्यांचं नाव यावं म्हणून तर हे सगळं केलं.

ऐरोली_सेक्टर८
त्यांचं नाव राहू द्या. परीक्षकाला तुमचं नाव माहीतच नाही, मग हेडमास्तरांच्या आडनावावरून तो कुठे पोचणार? फक्त "माझे पणजोबा" काढून "हेडमास्तर" करा.

नेरूळ_पूर्व
मला हे मान्य नाही. ज्याच्याबद्दल लिहितोय तो आपला पणजोबा आहे हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे. साहेबांनी मास्तरांवर ताशेरे मारले आणि लेखिका मास्तरांची बाजू घेतेय, हे नातं लपवलं तर पुढे सगळा पेपरच संशयात येईल.

ऐरोली_सेक्टर८
लपवा असं मी म्हणतच नाहीये. "शेरेबुक लेखकाच्या कुटुंबाच्या संग्रहात आहे, हेडमास्तर लेखकाचे पूर्वज होत" एवढं लिहिलं तर नातंही कळतं आणि नावही कळत नाही. संपादकांना कव्हर लेटरमध्ये पूर्ण सांगायचं. आभार, गावाचा तपशील, "माझे पणजोबा" हे सगळं पेपर स्वीकारल्यावर परत घालता येतं.

नेरूळ_पूर्व
असं असेल तर ठीक आहे. "लेखकाचे पूर्वज" हे शब्द मात्र मजकुरात हवेत, तळटिपेत नकोत.
ताई, अजून एक. चौदाव्या तळटिपेतला "आधीचा लेख" कुठे छापून आलाय?

पारसिकच्या_पायथ्याशी
तो दिवाळी अंकात आला होता, २०२२ ला, मराठीत. त्याचंच मी वाढवून इंग्रजी केलंय. का?

नेरूळ_पूर्व
हे आधी सांगायला हवं होतं! सबमिट करताना "हा मजकूर याआधी कुठे प्रसिद्ध झालेला नाही" या चौकोनात टिक केलीत ना? भाषा वेगळी असली तरी तोच लेख असेल तर सांगावंच लागतं.

पारसिकच्या_पायथ्याशी
टिक केलीय. मला वाटलं दिवाळी अंक यात धरत नसतील. आता काय करू? मागे घेऊ का पेपर?

ऐरोली_सेक्टर८
घाबरू नका, मागे घेऊ नका. दिवाळी अंकातल्या लेखात किती होतं? हजेरीचे आकडे होते का, वर्षवार तक्ता होता का?

पारसिकच्या_पायथ्याशी
नाही. तिथे आठवणीसारखं होतं, माळ्यावर कसं सापडलं, पणजोबा कसे होते, आजीने सांगितलेलं. चार-पाच शेरे दिले होते. तक्ते, कायदे, बाकी शाळांशी तुलना, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखात जाऊन काढलेले शिक्षण खात्याचे कागद, हे सगळं नंतरचं. कळव्याहून सकाळची लोकल पकडून सुट्टीत तेवीस दिवस गेले तिथे.

ऐरोली_सेक्टर८
मग हा वेगळा पेपर आहे. कव्हर लेटरमध्ये सरळ लिहा की याच शेरेबुकावर आठवणीपर लेख मराठीत २०२२ मध्ये आला आहे, त्यातले चार-पाच शेरे इथे पुन्हा आलेत, बाकी मांडणी आणि साधनं नवीन. अंकाची प्रत मागितली तर द्या. फक्त ही माहिती कव्हर लेटरमध्येच, पेपरात नाही. चौदाव्या तळटिपेत तो लेख अगदी लागत असेल तर तिऱ्हाइताचा असल्यासारखा द्या, नाहीतर काढाच, कारण त्या लेखावर तुमचं नाव आहे.

नेरूळ_पूर्व
आणि शेरे इंग्रजीत देताना मूळ मराठी तळटिपेत ठेवा. "गैरहजर" आणि "नावे कमी केली" या दोन्हीचं इंग्रजी एकच झालं तर तुमचा सगळा मुद्दाच जाईल.

घोडबंदरचा_रहिवासी
माझ्या मेहुण्याचं जर्नल काल बघितलं, वेबसाइट उघडत नाहीये. नेरूळ मॅडम, तुमचं बरोबर असेल.

पारसिकच्या_पायथ्याशी
नौपाड्याच्या काकांची आधी माफी मागते, मी तुटक बोलले. काल रात्री दीड वाजेपर्यंत शेरेबुक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. १९२५ नंतरच्या पानांवर शेऱ्यांची भाषा बदलते. आधी सगळं "खात्याच्या हुकुमाप्रमाणे" असतं, मग "स्कूल बोर्डाकडे कळवावे" असं येऊ लागतं, गळक्या छपराबद्दल, फळ्याबद्दल, दुसऱ्या मास्तरांच्या जागेबद्दल. हे मी दीड वर्ष डोळ्याखालून घातलं आणि १९१८ च्या कायद्यात बसवायचा प्रयत्न करत होते म्हणून दिसलंच नाही. पहिला भाग पूर्ण बदलला. "पटेल कायदा" आता एका परिच्छेदात, फक्त शेजारच्या नगरपालिकांपुरता.

नौपाड्यातले_काका
माफी कसली बाई. छप्पर गळतंय हे बोर्डाला कळवायचं आणि उत्तर यायला दोन पावसाळे जायचे, हे आम्ही पण भोगलंय. एक विचारतो, १९२५ नंतर मुलींची नावं वाढतात का पटावर?

पारसिकच्या_पायथ्याशी
काका, तीन होत्या त्या अकरा झाल्या. पण १९२९ ला परत चार. का ते कळत नाहीये.
आत्ता ११.४० ला सबमिट झाला. फाइलचं नाव फक्त "मॅन्युस्क्रिप्ट". कव्हर लेटरमध्ये दिवाळी अंक, नातं, दुरुस्ती सगळं लिहिलं. ऐरोली, नेरूळ, मनापासून आभार, उद्या सकाळी ७.१० ला पहिलं लेक्चर आहे, झोपते.

नौपाड्यातले_काका
१९२९ चं पान बघून ठेवा, त्या वर्षी बाई शिक्षिका बदलून गेली असेल तर शेऱ्यात सापडेल. आणि ते बुक माळ्यावर परत ठेवू नका, वाळवी आहे म्हणालात.

वाशी_स्टेशन
मोडीचं कोणी सांगितलं नाही अजून.