व्हायरल लोड सापडत नाही, तरी आधी सांगायलाच पाहिजे का?

मांजराकाठ (लातूर): तीन वर्षं झाली, रोज रात्री नऊला एचआयव्हीची एक गोळी. डबी डाळीच्या डब्यात लपवतो, घरी कुणाला माहीत नाही. लागोपाठ रिपोर्टांत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, मोजण्याइतकाही सापडलेला नाही. २०१९ला ‘पार्टनर-२’ या अभ्यासाचा निकाल आला: युरोपातली ७८२ पुरुष जोडपी, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. निरोधाशिवाय ७६ हजारांवर वेळा संबंध, आणि गोळ्या घेणाऱ्या जोडीदाराकडून लागण शून्य. तरी मागच्या महिन्यात एकाला खरं सांगितलं, तर चहा अर्धा ठेवून उठला. ज्यानं तपासणीच केली नाही त्याला कुणी काही विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे: न सांगणं म्हणजे फसवणूक नाही.

बालाघाट (बीड): दादा, ते आकडे नेमानं गोळ्या घेणाऱ्यांचे. दसरा झाला की आमच्याकडं कोयता घेऊन निघतात. मी कारखान्यावर होतो तेव्हा अकरा दिवस गोळ्या नव्हत्या. लोड तपासतात वर्षातून एकदा. त्या अकरा दिवसांचा रिपोर्ट कुणाकडं आहे? तेव्हा मी कुणाला हात लावला नाही. पण सगळेच थांबतील का?

परभणीकर: मी निगेटिव्ह आणि लग्न झालेला. मला सांगितलंच पाहिजे. घरी बायको आहे, धोका तिचाही.

मांजराकाठ: तुम्ही पुरुषांसोबत असता हे वहिनींना सांगितलंय का?

परभणीकर: नाही. रात्र-रात्र झोप लागत नाही यावरून. म्हणूनच निरोध सोडत नाही. तुमच्या गोळीनं एचआयव्ही थांबतो; गरमी, परमा हे गुप्तरोग थांबत नाहीत. आणि एकट्या तुमच्यावर भरवसा कशाला? निगेटिव्ह माणसासाठीही लागण होऊ नये म्हणून घ्यायची प्रेपची गोळी आहे, तिची चौकशी मीच करायला हवी होती.

गोदाकाठ (नांदेड): कायद्याचं बघा. २०१७चा एचआयव्ही कायदा, १० सप्टेंबर २०१८पासून लागू. पॉझिटिव्ह माणसानं लागण टाळायची वाजवी काळजी घ्यायची. त्यात धोका कमी करण्याचे उपाय किंवा आधी सांगणं, दोन्ही येतं. पण कायद्यात बसलं म्हणून नात्यात बसतंच असं नाही. मला माझ्या माणसानं चार महिन्यांनी सांगितलं. मी निगेटिव्हच निघालो, तरी ते चार महिने अजून सलतात.

मांजराकाठ: निरोधाचं पटलं, सोडणार नाही. एका रात्रीच्या ओळखीला मात्र सांगणार नाही. इथं गाव लहान आहे, बातमी एसटीच्या आधी घरी पोचते. नातं पुढं जाणार असेल तर चार महिने थांबणार नाही. बालाघाट, पुढच्या हंगामाच्या गोळ्यांची सोय आत्ताच सेंटरला विचारून ठेव.