रोटाव्हेटरची पिन लिंकमध्ये खुळखुळते

प्रश्न: ट्रॅक्टर ५० एचपीचा, रोटाव्हेटर जुना, लहान ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टरच्या खालच्या लिंकमध्ये (अवजार जोडायच्या मागच्या दोन दांड्यांत) अवजाराची पिन सैल बसते. तसंच चालवू का?

– अजिबात नको, लिंकचा गोळा (पिन ज्यात बसते तो) खराब होईल. ट्रॅक्टर कॅटेगरी २ चा दिसतोय, अवजार १ चं (कॅटेगरी म्हणजे जोडणीच्या मापाचा ठरलेला गट). खालची पिन १ मध्ये २२ मिमी, २ मध्ये २८. बुश (पिनेवर बसणारी धातूची नळी) घाला.

– बुशने भोक जुळेल, रुंदी नाही! कॅटेगरी १ मध्ये दोन्ही लिंकमधलं अंतर साधारण ६८ सेंमी, २ मध्ये ८२. लिंक आत घेऊन त्यांच्या बाजूच्या चेन आवळा, नाहीतर अवजार झुलेल. टॉप लिंकची (वरच्या मधल्या दांड्याची) पिनही तपासा, कॅटेगरी १ ची १९ मिमी की २ ची २५.

प्रश्नकर्ता: जाडी मोजायचा व्हर्नियर नाहीये हो.

– २२ चा पाना पिनेवर सरकवून बघा. नेमका बसला तर कॅटेगरी १.