दहावीनंतर गृहविज्ञान घ्यायला मुले-मुली का कचरतात?

खानापूर तालुक्यातील शिक्षिका:
नमस्कार. मी एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या परीक्षेचा, निकाल लागला की पुढची वाट विचारायला मुले घरी येतात. यंदा आहार आणि पचनाच्या पाठात मनापासून रमलेल्या एका मुलीला मी पीयूसीला (अकरावी-बारावीला) गृहविज्ञान घेण्याविषयी सुचवले, तेव्हा तिच्या आईने शांतपणे विचारले, "बाई, स्वयंपाक शिकायला कॉलेजला घालायचं कशाला? ते मी घरात शिकवते की." त्या माउलीला पटेल असे उत्तर मला देता आले नाही, आणि ती बोच अजून मनात आहे. हा विषय टाळण्यामागे केवळ हा समज आहे, की आणखी काही अडचणी आहेत? ज्यांनी तो घेतला, त्यांनी का घेतला, हेही कृपया कळवावे.

निपाणीची माजी विद्यार्थिनी:
बाई, मी कला शाखेत गृहविज्ञान घेतले ते प्रॅक्टिकलचे गुण मिळतात असे मैत्रिणींनी सांगितले म्हणून. त्याआधी त्यात काय असते हे मला कोणी सांगितले नव्हते. माझी आई विड्या वळते. पहिल्या वर्षी घरातील एका व्यक्तीसाठी, घरच्या उत्पन्नात बसेल असा दिवसभराचा आहार तक्ता तयार करायचा होता, म्हणून मी आईचाच केला. ती सकाळी उपाशीपोटी चहा घेऊन सुपाशी बसायची आणि जेवणावरही पुन्हा चहा घ्यायची. चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही आणि लिंबासारख्या आंबट फळातील क जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते, हे मी त्या तक्त्यासाठी शिकले. एक रुपयाही जादा खर्च न करता आम्ही हुलग्याच्या उसळीवर लिंबू पिळू लागलो आणि जेवणानंतरचा चहा दीड-दोन तास पुढे ढकलला. आईला स्वयंपाक माझ्यापेक्षा कितीतरी चांगला येतो, पण ही गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. आज मी अंगणवाडीत काम करते. मुलांची वजने घेऊन वाढीच्या तक्त्यावर नोंदवताना आणि वजन घटलेल्या मुलाच्या आईशी बोलताना तेच शिक्षण उपयोगी पडते.

चिकोडीचे पालक:
आमच्या मुलीला हा विषय आवडत होता, तरी आम्ही तो घेऊ दिला नाही, हे प्रांजळपणे सांगतो. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्याबरोबर चौथा विषय निवडायचा असतो. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत यश आले नाही तर इंजिनीअरिंगचे दार उघडे राहावे म्हणून आम्ही गणित घेतले. गृहविज्ञानाला आम्ही कमी लेखले नाही. दोन वर्षांनी हातात काय राहील, याची भीती होती.

बेळगावातील पीयू व्याख्याता:
चिकोडीच्या पालकांनी खरे कारण सांगितले आहे. माझ्या अनुभवात स्वयंपाकाचा समज जितकी मुले रोखतो, त्याहून अधिक मुले पुढची वाट न दिसल्यामुळे थांबतात. बाई, आपण त्या आईला सांगावे की या विषयात आहार व पोषण, बालविकास, वस्त्रशास्त्र, घरातील साधनसंपत्तीचे व्यवस्थापन आणि विस्तार शिक्षण (हे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचवण्याचे शिक्षण) अशी पाच अंगे आहेत. स्वयंपाकघर त्यातील एका अंगाचा केवळ एक कोपरा आहे.

मात्र प्रवेशाआधी शाखेचा नीट विचार करावा. धारवाडच्या कृषी विद्यापीठात, जे 1986 पासून स्वतंत्र आहे, या विषयाची चार वर्षांची पदवी मिळते. पूर्वी तिला गृहविज्ञान म्हणत, आता सामुदायिक विज्ञान म्हणतात, आणि नाव बदलल्यामुळे अनेक पालकांना ती सापडतच नाही. तिथे विज्ञान शाखेतून पीयूसी केलेल्यांना प्रवेश मिळतो. कला शाखेत गृहविज्ञान घेतलेल्या मुलीला ही गोष्ट दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कळते, तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. रुग्णालयात आहारतज्ज्ञ व्हायचे असेल, तर पदवीनंतरही पुढील शिक्षण घ्यावे लागते.

आपल्या सीमाभागातील मुलांची आणखी एक अडचण आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीला पीयूसीत कन्नड किंवा इंग्रजी माध्यम स्वीकारावे लागते, आणि प्रथिने, कर्बोदके, तंतू हे शब्द तिला पुन्हा नव्याने शिकावे लागतात. गृहविज्ञान हा शब्द तेवढा मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे. त्यातच हा विषय शिकवणारी महाविद्यालये मोजकी असल्याने, गावातून रोज एसटीने ये-जा करण्याऐवजी घरचे लोक जवळच्या महाविद्यालयात जे मिळेल ते घ्यायला लावतात.

मुलांविषयीही लिहितो. वडगावातील एका विणकराचा मुलगा एकदा आमचे प्रॅक्टिकल पाहायला आला होता. धागा जाळला की सुताला कागद जळल्यासारखा वास येतो, रेशमाला केस जळल्यासारखा, आणि पॉलिस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो, ही परीक्षा त्याने आमच्या आधी करून दाखवली. माझ्या मते त्या वर्गात त्याच्याइतका योग्य विद्यार्थी दुसरा नव्हता. मित्र "मुलींचा विषय" म्हणतील या धास्तीने त्याने वाणिज्य घेतले.

खानापूर तालुक्यातील शिक्षिका:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. शाखेचा हा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता आणि मी त्या मुलीला कला शाखाच सुचवणार होते. रविवारी तिच्या घरी जाऊन निपाणीच्या ताईंच्या आहार तक्त्याची हकिगत तिच्या आईला सांगेन. सर, विज्ञानात चौथा विषय म्हणून गृहविज्ञान देणारे महाविद्यालय खानापूरहून रेल्वेने रोज जाता येईल इतक्या अंतरावर आहे का, एवढे कृपया रविवारपूर्वी कळवावे. तिचे गणितही बरे आहे, त्यामुळे तिचे वडील चिकोडीच्या पालकांसारखाच प्रश्न विचारतील, हे मला आताच दिसते आहे.