पवित्र शास्त्रावरचा भरवसा आज्ञापालनावाचून खरा ठरतो का?

अनुयायी (धागाकर्ता)

ख्रिस्ती विश्वासाविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा असे गृहीत धरतो की आधी मनाची पूर्ण खात्री पटावी, शंका फिटाव्यात आणि मग त्या खात्रीच्या बळावर माणसाने येशूच्या आज्ञा पाळाव्यात. हा क्रम मला शास्त्राला धरून वाटत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात (७:१७) येशू सांगतो की, ज्याला देवाच्या इच्छेप्रमाणे वागायचे आहे त्याला ही शिकवण देवापासून आहे की नाही हे कळेल. म्हणजे आधी वागण्याची तयारी आणि त्यानंतर उमज. दहा कुष्ठरोग्यांना येशू ‘जाऊन स्वतःला याजकांना दाखवा’ एवढेच सांगतो. त्या क्षणी त्यांचा रोग अंगावर तसाच असतो आणि वाटेने जाताजाता ते शुद्ध होतात (लूक १७:१४). रात्रभर कष्ट करूनही हाती काही न लागलेला पेत्र केवळ येशूच्या शब्दावरून पुन्हा जाळी टाकतो. आपण कोठे जात आहोत हे ठाऊक नसताना अब्राहाम निघाला, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे (११:८).

‘माझा शास्त्रावर भरवसा आहे’ हे वाक्य खरे की खोटे, हे मला न रुचणाऱ्या आज्ञेपुढे मी उभा राहतो तेव्हाच ठरते. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर (मत्तय ५:२३-२४), शपथा न वाहता तुझे बोलणे ‘होय’ तर होय आणि ‘नाही’ तर नाही एवढेच असू दे, वैऱ्यावर प्रीती कर, दान करताना उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू देऊ नकोस. या वचनांचा अर्थ समजायला मूळ भाषांचे ज्ञान लागत नाही. ती अवघड आहेत ती समजण्यासाठी नव्हेत, करण्यासाठी. शेवटल्या काळाच्या खुणा आणि भविष्यवाण्यांचे तपशील यांवर आपण वर्षानुवर्षे वाद घालतो, पण ज्या भावाशी बोलणे टाकले आहे त्याचा विषय त्या वादात कधीच येत नाही, हे मला मनापासून खुपते.

इस्राएलाचा राजा शौल याने अमालेकी या शत्रू लोकांच्या कळपांतली उत्तम मेंढरे देवाला यज्ञ करण्यासाठी म्हणून राखून ठेवली, तेव्हा संदेष्टा शमुवेल याने त्याला सुनावले की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे (१ शमुवेल १५:२२). आपली भक्तीच कधीकधी आज्ञा टाळण्याचे साधन होते, असे मला म्हणायचे आहे. आपल्याला हे पटते का? पटत नसेल तर कोठे अडते, तेही कृपया लिहावे.

कृपांकित

मी आदरपूर्वक असहमत आहे, आणि अडते ते क्रमाच्या मुद्द्यावरच. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला व तो त्याच्या लेखी नीतिमत्त्व गणला गेला, हे उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात येते. सुंतेची आज्ञा सतराव्या अध्यायात आहे आणि इसहाकाच्या अर्पणाचा प्रसंग बाविसाव्या. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल आपला सारा युक्तिवाद याच क्रमावर उभा करतो: अब्राहामाने काहीही करून दाखवण्याआधीच देवाने त्याला स्वीकारले होते. वधस्तंभावरच्या चोराला आज्ञा पाळून दाखवायला अवधीच नव्हता, तरी ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे अभिवचन त्याला मिळाले.

‘भरवसा आज्ञापालनात खरा ठरतो’ असे शिकवले की हळव्या मनाचा विश्वासी रोज रात्री आपल्या वागण्याचा हिशेब मांडू लागतो, आणि तो हिशेब कधीच जुळत नाही. मार्टिन लूथर मठात असताना कसोशीने नियम पाळत होता, पापांची कबुली देत होता, आणि तरीही त्याच्या मनाला शांती नव्हती. त्याला शांती मिळाली ती देवाने ख्रिस्तामध्ये केलेल्या कार्याकडे पाहून. आपल्या मांडणीत नजर पुन्हा स्वतःकडे वळते, याची मला खरोखर भीती वाटते.

हा वाद शतकानुशतके चालला. कॅथलिक चर्चच्या त्रेंत येथील धर्मसभेने १५४७ साली नीतिमान ठरण्याविषयीचा आपला निर्णय दिला आणि दरी रुंदावली. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणेवर स्वाक्षऱ्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि सत्कर्मांसाठी हृदय नवे करणारा पवित्र आत्मा देतो, असा तिचा आशय आहे. आधी स्वीकार आणि नंतर कर्मे. हा क्रम आपण उलटू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

अनुयायी

तारणाचे मूळ कृपेत आहे याविषयी आपल्यात मतभेद नाही, आणि उत्पत्तीतील क्रम आपण अचूक दाखवला आहे. परंतु त्याच अब्राहामाला बाराव्या अध्यायात ‘आपला देश सोडून नीघ’ अशी आज्ञा झाली होती आणि तो निघालाही होता. त्या निघण्याने त्याने काही कमावले असे मी म्हणत नाही. देवाचा शब्द ऐकून तो जागचा हललाच नसता, तर त्याने भरवसा ठेवला असे आपण कशावरून म्हटले असते, एवढेच मी विचारतो. इफिसकरांस पत्रातील ‘कृपेनेच तुमचे तारण झालेले आहे’ हे वचन आपण सारे पाठ म्हणतो, पण लगेच दोन वचने पुढे (२:१०) आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत असे आहे, तिथवर क्वचितच जातो.

हिशेब मांडणाऱ्या मनाची आपली चिंता मात्र मला मोलाची वाटते. अशा व्यक्तीला मी आणखी एक आज्ञा सांगणार नाही. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असे ओरडणाऱ्या बापाकडे (मार्क ९:२४) मी तिला नेईन. तो अर्धवट विश्वासानेच मुलाला घेऊन आला होता आणि येशूने त्याला परत पाठवले नाही.

साक्षेपी

मी श्रद्धावान कुटुंबात वाढलो, आज मात्र स्वतःला विश्वासी म्हणवत नाही. तरीही हा विषय मला परका नाही, म्हणून स्पष्ट लिहितो.

धागाकर्त्यांनी शौलाचा दाखला दिला. त्या अध्यायाचे तिसरे वचन कृपया पुन्हा वाचावे. अमालेक्यांतील पुरुष, स्त्रिया, मुले आणि तान्ही बाळेसुद्धा मारून टाकण्याची ती आज्ञा आहे. ‘यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे’ हे वाक्य त्या आज्ञेच्या संदर्भात उच्चारलेले आहे. भरवसा न रुचणाऱ्या आज्ञेपुढेच पारखला जातो असे आपण म्हणता. मग इथे न रुचणे हाच माणसातला चांगुलपणा नव्हता काय?

दुसरा मुद्दा इतिहासाचा. ‘दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञा पाळा’ (इफिस ६:५) हे वचन अमेरिकेतील गुलामगिरीचे समर्थक व्यासपीठावरून वाचत असत. तेही शास्त्रावर भरवसा ठेवणारेच होते. जर्मनीत ‘वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असा’ हे रोमकरांस पत्रातील तेराव्या अध्यायाचे वचन हिटलरच्या राजवटीला अधीन राहण्यासाठी वापरले गेले. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमलेल्या ख्रिस्ती लोकांनी त्याविरुद्ध घोषणा केली हे मला माहीत आहे. शास्त्रात ज्याची साक्ष आहे तो येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द. त्याचेच आपण ऐकावे, त्याच्यावरच जीवनात व मरणात भरवसा ठेवावा आणि त्याचीच आज्ञा पाळावी, असे त्या घोषणेचे पहिलेच कलम म्हणते. आपल्या धाग्याचा विषय याहून नेमका कोणी मांडला नसेल. परंतु त्या संपूर्ण घोषणेत छळ सोसणाऱ्या यहुद्यांविषयी एक शब्द नाही. भरवसा आणि आज्ञापालन दोन्ही उच्चारले गेले, आणि शेजारी दिसला नाही. अशा वेळी माणसाची सदसद्विवेकबुद्धी शास्त्राच्या वर असावी, असे मला वाटते.

अनुयायी

आपण तीन गोष्टी मांडल्या आहेत. त्यांतली पहिली सर्वांत जड आहे.

अमालेक्यांविषयीची आज्ञा मला दुःख देते, आणि ती सोपी करून सांगणाऱ्या स्पष्टीकरणांनी माझे समाधान होत नाही. पण ख्रिस्ती माणूस शास्त्राचे कोणतेही पान उघडून तिथली आज्ञा स्वतःला लावून घेत नाही. तो सारे शास्त्र येशूच्या पायाशी बसून वाचतो. शोमरोनी गावाने येशूला स्वीकारले नाही तेव्हा याकोब व योहान यांनी आकाशातून अग्नी पाडू काय, असे विचारले. संदेष्टा एलीया याने तसा अग्नी पाडल्याचा दाखला त्यांच्या मनात असणार. येशूने वळून त्यांनाच धमकावले (लूक ९:५५). त्यामुळे वैऱ्याच्या लेकरावर हात उचलण्याला आज कोणी आज्ञापालन म्हणत असेल, तर तो येशूची आज्ञा मोडतो आहे. शौलाच्या कथेतून मी घेतो तो त्याच्या सबबीचा भाग. त्या अध्यायातील न्यायाचा प्रश्न एवढ्याने सुटतो, असा माझा दावा नाही.

गुलामगिरीविषयी मात्र मला ठामपणे सांगायचे आहे. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक भागांचे एक बायबल छापले गेले. त्यातून इस्राएल लोक मिसरच्या दास्यातून सुटले ती कथा वगळली होती. ख्रिस्तामध्ये दास नाही व स्वतंत्र नाही हे गलतीकरांस पत्रातील वचन (३:२८) वगळले होते. आणि दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हे वचन ठेवले होते. ज्यांना गुलामांकडून केवळ ताबेदारी हवी होती, त्यांना शास्त्र कापावे लागले. अख्ख्या शास्त्राची त्यांना धास्ती होती. धन्याकडून पळून आलेल्या दासाला परत त्याच्या हवाली करू नये, अशी जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकात सरळ आज्ञा आहे (२३:१५), आणि १८५० च्या अमेरिकन कायद्याने पळालेल्या गुलामाला परत धाडणे सक्तीचे केले, तेव्हा गुलामगिरीच्या विरोधकांनी हेच वचन पुढे केले. त्याच्याही कितीतरी आधी, १६८८ मध्ये, पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउनच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिले. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हा त्यांचा आधार होता. ती येशूची आज्ञा आहे आणि त्यांनी ती शब्दशः घेतली. सदसद्विवेकबुद्धी शास्त्राच्या वर असावी असे आपण म्हणता. मला दिसते ते असे की त्या काळी गुलामगिरीत सोयीस्करपणे रमलेली बुद्धी या आज्ञेनेच जागी केली.

बार्मेनविषयी आपले म्हणणे मी मान्य करतो. ते मौन आज्ञाभंग होते. येशूच्या दाखल्यात वाटेत पडलेल्या जखमी माणसाला वळसा घालून जाणारे याजक आणि मंदिरसेवक लेवी यांनाही शास्त्र पाठ होते. म्हणूनच नुसत्या घोषणेला मी आज्ञापालन म्हणत नाही.

साक्षेपी

१८०७ च्या त्या बायबलाचा मुद्दा मला विचार करायला लावणारा आहे. तरीही, अख्खे शास्त्र हाती असलेल्या लक्षावधी लोकांनी गुलाम ठेवले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. कोणते वचन प्रकाश देणारे आणि कोणते त्या प्रकाशात वाचायचे, हा निवाडा शेवटी वाचणारा माणूसच करतो. तो निवाडा तुम्ही येशूच्या पायाशी बसून करता, मी तसा करत नाही. आपल्यातले अंतर इथे आहे असे मला वाटते.

किनारा

मी इतके दिवस ही चर्चा नुसती वाचत होते. माझा प्रश्न पुस्तकी नाही. आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एका वडीलधाऱ्या अधिकाऱ्याच्या वागण्याबद्दल मी तक्रार केली, तेव्हा मला इब्री लोकांस पत्रातील ‘आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा’ हे वचन (१३:१७) ऐकवण्यात आले. नंतर ‘सत्तर वेळा सात क्षमा कर’ हेही ऐकवले. मी क्षमा केलीही आहे, देवासमोर. पण मी त्या मंडळीत परत जात नाही, म्हणून मी आज्ञा मोडते आहे असे मला अजूनही सांगितले जाते. धागाकर्त्यांना विचारते, आपल्या मांडणीप्रमाणे मी काय करावे?

कृपांकित

ताई, आधी माझे ऐका. देवाने आपल्याला ख्रिस्तामध्ये स्वीकारले आहे आणि कोणत्याही मंडळीच्या हजेरीपटावर ते अवलंबून नाही. जे वचन मेंढपाळांना ‘तुम्हाला हिशेब द्यावा लागेल’ असे बजावते, तेच वचन हिशेब मागणाऱ्या व्यक्तीचे तोंड बंद करण्यासाठी वापरणे हा वचनाचा अपमान आहे. ते अधिकाऱ्यांना मोकळीक देण्यासाठी लिहिलेले नाही. माझी भीती मी वर मांडली होती ती नेमकी हीच.

अनुयायी

ताई, कृपांकित यांच्या शब्दांशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्यांची भीती इथे खरी ठरली हेही दिसते आहे. सैतानाने येशूला मंदिराच्या शिरोभागी नेले तेव्हा त्याने स्तोत्रातले वचनच उद्धृत केले होते (मत्तय ४:६). वचन उच्चारले गेले म्हणजे देवाची आज्ञा झाली असे नव्हे. बिरुया येथील लोक प्रत्यक्ष पौलाचे बोलणेही शास्त्रात रोज पडताळून पाहत, आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात (१७:११) त्यांची त्याबद्दल वाखाणणी केली आहे. तक्रार करणेही आज्ञेबाहेरचे नाही. मंडळीच्या वडीलजनांविरुद्ध दोन-तीन साक्षीदारांनिशी आलेला आरोप ऐकून घ्यावा आणि पाप करणाऱ्याला सर्वांसमक्ष दोष द्यावा, असे पौल तीमथ्याला लिहितो (१ तीमथ्य ५:१९-२०). ही आज्ञा मंडळीला आहे, आणि आपल्या बाबतीत ती मंडळीने पाळली नाही.

क्षमा आणि परत जाणे या दोन गोष्टींविषयी दावीद व शौल यांचा प्रसंग पाहावा. शौल दाविदाच्या जिवावर उठला होता, तरी गुहेत तो हाती सापडला असताना दाविदाने त्याला मारले नाही. शौल रडला, त्याने दाविदाचा चांगुलपणा कबूल केला, आणि दाविदाने त्याच्या वंशाचा नाश न करण्याची शपथही वाहिली. त्यानंतर शौल आपल्या घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर गेला (१ शमुवेल २४:२२). दावीद शौलाच्या मेजावर परतला नाही, आणि त्याबद्दल शास्त्र त्याला कोठेही दोष देत नाही.

किनारा

हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे, पण त्या शेवटच्या वचनाकडे कोणी माझे लक्ष वेधले नव्हते. आता एवढेच विचारते की, दुसरी मंडळी शोधताना पुन्हा कोणाच्या तरी अधीन व्हावे लागेल, ते इतक्यात जमले नाही तर चालेल का?

अनुयायी

चालेल. दावीदही त्या वेळी गडावरच गेला.