नाताळाचे कौटुंबिक पत्र : यंदा दुःखाच्या बातम्या कशा लिहाव्यात?

मोहननगरची सून

नमस्कार. आमचे कुटुंब नागपूरचे आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतले. आजेसासऱ्यांच्या काळापासून आमच्या घरी दर डिसेंबरात एक कौटुंबिक पत्र लिहिले जाते. वर्षभरात कोणाचे लग्न ठरले, कोणाची बदली झाली, कोण आजारातून उठले, कोणाच्या घरी पाळणा हलला, हे सगळे त्यात येते. पूर्वी ते फुलस्केपवर कार्बन घालून लिहीत, आणि शेवटची प्रत इतकी पुसट निघे की ती ज्याच्या वाट्याला येई तो पुढच्या नाताळापर्यंत कुरकुरत असे. आता ते संगणकावर लिहून व्हॉट्सॲपवर जाते, परंतु पद्धत तीच आहे : पंचवीस तारखेला जेवणे आटोपली की घरातील थोरल्या माणसाने ते मोठ्याने वाचायचे, आणि त्यानंतरच मुलांनी भेटवस्तू उघडायच्या.

गेली कित्येक वर्षे हे पत्र माझ्या सासऱ्यांच्या बहिणी, म्हणजे आमच्या आत्याबाई, लिहीत होत्या. ऑगस्टमध्ये त्या प्रभूकडे गेल्या आणि लेखनाचे काम माझ्याकडे आले. लिहायला बसल्यावर लक्षात आले की या वर्षीच्या बहुतेक बातम्या वाचून दाखवण्यासारख्या नाहीत. आत्याबाई गेल्या, धाकट्या दिरांची पुण्यातील नोकरी गेली, नणंदेचे लग्न मोडले असून ती मुलीला घेऊन माहेरी परतली आहे. भाची परिचारिकेची परीक्षा उत्तीर्ण झाली आणि सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया चांगली पार पडली, एवढ्याच काय त्या आनंदाच्या गोष्टी.

सगळे लिहावे की काही गाळावे, आणि लिहायचे तर कोणत्या क्रमाने, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्याला जोडूनच दुसरा : मोठे बाबा म्हणतात की यंदा घरावर तारा लावू नये आणि फराळही करू नये, सासूबाईंचे म्हणणे असे की आत्याबाईंना हे मुळीच आवडले नसते. आपल्या घरांत अशा वर्षी काय करतात, ते कृपया कळवावे.

खलाशी लाईनचे निवृत्त शिक्षक

आत्याबाईंची बातमी सर्वांत आधी लिहावी आणि ती लांबवू नये. केव्हा गेल्या, शेवटच्या दिवसांत त्यांच्याजवळ कोण होते, दफनविधीला कोण येऊ शकले नाही, इतके पुरे. जे येऊ शकले नाहीत त्यांना त्या दिवसाचा तपशील हवा असतो, आणि फोनवर तो विचारायला माणूस संकोचतो. गुणवर्णन मात्र पत्रात करू नये. पत्र वाचून झाल्यावर प्रत्येकाला आपापली आठवण सांगता येईल आणि ती पत्रातल्यापेक्षा चांगली असेल.

दिरांच्या नोकरीविषयी लिहावेच लागेल, कारण न लिहिल्यास पंगतीत कोणीतरी मोठ्या मायेने विचारणारच : "काय रे, कंपनी काय म्हणते?" आणि मग त्यांना घासागणिक उत्तर द्यावे लागेल. माझ्या मते मजकूर काहीसा असा असावा : "धाकट्याची पुण्यातील नोकरी जूनमध्ये सुटली. तो तेथेच राहून दुसरी शोधत आहे आणि नाताळाला घरी येत आहे. त्याच्या कामासंबंधी काही विचारायचे किंवा सुचवायचे असल्यास त्याच्याशी एकट्याने बोलावे. पंगतीत तो विषय काढू नये." या शेवटच्या वाक्यासाठीच हा परिच्छेद लिहायचा. अर्थात तो त्यांना आधी दाखवून, त्यांच्या संमतीने.

नणंदेच्या बाबतीत कारण लिहू नये, स्थिती लिहावी. ती आता नागपुरात आईकडे राहते, मुलगी इथल्या शाळेत जाते, पत्ता व फोन क्रमांक हे आहेत. नातेवाइकांना वागण्यापुरती जी माहिती लागते ती एवढीच असते. बाकीची माहिती त्यांना हवीशी वाटते, लागत नाही.

आणखी एक सुचवतो. पत्राचे वाचन पंचवीस तारखेऐवजी एकतीसच्या रात्री, वर्षाखेरच्या उपासनेला निघण्यापूर्वी करता येईल काय? आमच्या घरी तसेच करतात. आमचे पूर्वज स्कॉटिश मिशनच्या मंडळीतले. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले ते ज्या स्कॉटलंडमधून, तेथील प्रेस्बिटेरियन मंडळी नाताळाचा फारसा सण करीत नसत. नाताळाला तेथे सार्वजनिक सुट्टी मिळाली ती 1958 साली. त्यामुळेच असेल, पण आमच्या आजोबांच्या लेखी नाताळ हा मुलांचा दिवस होता आणि हिशेब मांडायची रात्र एकतीसची. सरत्या वर्षाचे बरेवाईट त्या रात्री वाचले की ते अस्थानी वाटत नाही.

सीताबर्डीकर

गुरुजींच्या पहिल्या भागाशी सहमत आहे, नणंदेविषयीच्या भागाशी नाही. लग्न मोडल्याची बातमी पत्रात, तीही व्हॉट्सॲपवरून जाणाऱ्या पत्रात, कोणत्याही स्वरूपात घालू नये. कागदाची प्रत कपाटात राहत असे; मोबाइलवरचे पत्र कोणाच्या तरी सासरच्या समूहात संध्याकाळपर्यंत पोहोचते, आणि प्रकरण न्यायालयात असेल तर त्यातील एखादे वाक्य नको त्या ठिकाणी नको त्या अर्थाने वाचले जाऊ शकते. चार-सहा जवळच्या माणसांना मोठ्या बाबांनी स्वतः फोन करून सांगावे. बाकीच्यांना ती नागपुरात दिसेलच.

तसेच, भाचीच्या परीक्षेचे गुण लिहू नयेत. उत्तीर्ण झाली, एवढे पुरे. त्याच खोलीत कोणाचे तरी मूल अनुत्तीर्ण होऊन बसलेले असते.

जरीपटक्याच्या मावशी

ताऱ्याविषयी आणि फराळाविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. आम्ही कॅथलिक आहोत, पण माझी एक बहीण तुमच्याच मंडळीत दिली आहे, तेव्हा दोन्हीकडची घरे मला ठाऊक आहेत. दुःखाच्या वर्षी तारा लावू नये असा नियम ना आमच्या चर्चमध्ये आहे ना तुमच्या. ही आपल्या मराठी घरांची जुनी रीत आहे, जी दिवाळीत शेजारच्या हिंदू घरांतही पाळतात : ज्या घरी त्या वर्षी कोणी गेले त्या घरी कढई चढत नाही, आणि नातेवाईक व शेजारी आपल्या घरचा फराळ तेथे पोहोचवतात. रीत वाईट नाही. तिच्यात त्या घरच्या बाईला विसावा मिळतो आणि घरात माणसांची ये-जा राहते. मोठ्या बाबांना ती पाळाविशी वाटत असेल तर त्यांना समजावायला जाऊ नये. दुःख त्यांच्या सख्ख्या बहिणीचे आहे. पण लहान मुले येणार आहेत, म्हणून एक मधला मार्ग सांगते.

तारा लावावा, दिव्यांच्या माळा सोडू नयेत. चकली, चिवडा, शंकरपाळे बाहेरून येऊ द्यावेत. घरात एकच पदार्थ करावा, जो तुमच्या आत्याबाई स्वतः करीत असत, आणि तो सगळ्यांनी मिळून करावा. करंज्या असतील तर उत्तम, कारण त्या एकटीने होतच नाहीत : एकीने लाट्या कराव्यात, दुसरीने पाऱ्या लाटाव्यात, तिसरीने सारण भरून कडेला दुधाचे बोट फिरवावे, आणि कातण मुलांच्या हाती द्यावे. कड नीट दाबली गेली नाही तर करंजी तुपात तोंड उघडते, सारण जळते आणि पुढचा सगळा घाणा काळपट निघतो. म्हणून दाबण्याचे काम मोठ्या माणसाने करावे आणि भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवाव्यात. हे करताना माणसे आपोआप बोलतात. कोण कशी करंजी दुमडत असे, कोणाच्या करंज्या हमखास फुटत, यातून आत्याबाईंचा विषय निघतो आणि कोणाला मुद्दाम काढावा लागत नाही.

केक करणार असाल तर बाजारात आंबिया बहराची संत्री आलेली असतात. विकतची रंगीत टुटीफ्रुटी घालण्यापेक्षा त्यांची साल घाला. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढावा, सालीचे बारीक तुकडे दोनतीनदा पाणी बदलून उकळावेत म्हणजे कडूपणा जातो, आणि मग साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजवावेत. नागपुरात राहून केकमध्ये संत्रे नसावे, हे मला पटत नाही.

गुरुजींच्या एकतीस तारखेच्या सूचनेला मात्र माझा विरोध आहे. बाहेरगावची माणसे सत्तावीस-अठ्ठावीसला परत निघतात. ज्यांच्यासाठी पत्र लिहायचे तेच गाडीत बसलेले असताना ते वाचून काय उपयोग? 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधीच उघडते, पूर्वीसारखे एकशेवीस नाही; त्यामुळे नाताळाच्या तिकिटांची धावपळ ऑक्टोबरच्या शेवटी होते आणि मिळेल त्या तारखेला माणसे निघतात. आता तारखा बदला म्हटले तर कोणी बदलू शकणार नाही.

लीड्सहून एक नागपूरकर

मी या व्यवहारात दुसऱ्या टोकाला आहे. म्हणजे असे पत्र मला दरवर्षी येते. घेणाऱ्याच्या बाजूने थोडे सांगतो.

इंग्लंडमध्ये हेन्री कोल यांनी 1843 मध्ये नाताळाचे छापील शुभेच्छापत्र काढले, हजार प्रती, किंमत एक शिलिंग. त्यामागचे एक कारण असे सांगतात की इतक्या लोकांना स्वतंत्र पत्रे लिहायला त्यांना सवड नव्हती. आज इकडे अनेक कुटुंबे शुभेच्छापत्राच्या आत वर्षभराचे छापील वृत्त घालतात आणि त्याची थट्टाही भरपूर होते, कारण त्यात मुलांची बक्षिसे आणि परदेशच्या सहली यांखेरीज काही नसते. आपल्याकडच्या पत्रांनी अजून ते वळण घेतलेले नाही, हे बरे आहे. सहली आणि बक्षिसे आम्हाला मोबाइलवर त्याच दिवशी दिसलेली असतात. दिसत नाहीत त्या गोष्टी निराळ्या : आत्याबाईंची खोली आता कोण वापरते, त्यांच्या शिवणयंत्राचे काय झाले, मागच्या अंगणातील सीताफळाचे झाड आहे की तोडले, मोठे बाबा अजून स्वतः सायकलवर सदरला जातात का. सासूबाईंच्या गुडघ्याविषयी लिहिताना शस्त्रक्रिया यशस्वी झाली हे तर लिहावेच, पण त्या आता जिना चढतात की खालच्याच खोलीत झोपतात हेही लिहावे. मी घरी आलो की माझे अंथरूण कोठे पडणार ते त्यावर ठरते.

सीताबर्डीकरांचे म्हणणे मला अर्धे पटते. न्यायालयाची शक्यता असेल तर सावधगिरी हवीच. परंतु नुसते मौन पाळले की परगावची माणसे जावयांनाही शुभेच्छा पाठवून मोकळी होतात. मी स्वतः एका घरी तशा पाठवल्या आहेत, आणि तो अवघडलेपणा माझ्यापेक्षा त्या बहिणीला अधिक सोसावा लागला. नणंदबाई स्वतः आपल्याविषयीची दोन वाक्ये लिहून देऊ शकतात काय, ते त्यांनाच विचारावे. त्या नको म्हणाल्या तर प्रश्न मिटला.

शिवाय, वाचनाच्या वेळी परदेशातल्यांना व्हिडिओ कॉलवर घेत असाल तर दुपारी अडीचची वेळ ठेवावी. तेव्हा ब्रिटनमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असतात, आणि नाताळाच्या दिवशी इकडे रेल्वेगाड्या धावत नसल्यामुळे बहुतेक सगळे घरातच सापडतात. आमच्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही, पण ऐकलेले मराठी चांगले कळते. म्हणून वाचनाचे ध्वनिमुद्रण करून तेही पाठवावे. इंग्रजी प्रत निराळी काढू नये, अशी माझी विनंती आहे. ती निघाली की मुले मराठी कधीच ऐकणार नाहीत.

खलाशी लाईनचे निवृत्त शिक्षक

मावशींचा मुद्दा बरोबर आहे. आमच्या घरची सगळी माणसे नागपुरातच राहतात, म्हणून आम्हाला एकतीस तारीख जमते. मी सूचना मागे घेतो. केकच्या बाबतीत एवढेच म्हणेन की दोनदा पाणी बदलून भागत नाही, तीनदा बदलावे.

मोहननगरची सून

सर्वांचे मनापासून आभार. मावशींनी सांगितलेला मधला मार्ग मोठ्या बाबांना पटला. तारा लागेल, माळा नाहीत. करंज्या तेवीस तारखेला करायच्या ठरल्या असून शेजारच्या दोन घरांनी चिवडा आणि चकल्या आपल्याकडे घेतल्या आहेत.

नणंदेला विचारले. तिने एक दिवस मागून घेतला आणि नंतर तीन ओळी लिहून दिल्या, त्या मी शब्दही न बदलता घातल्या आहेत. त्यात कारण नाही, आरोप नाही, मुलीच्या शाळेचे नावही तिने मुद्दाम टाळले आहे; परंतु शुभेच्छा कोणाला पाठवाव्यात आणि कोणाला पाठवू नयेत हे त्यावरून स्पष्ट होते. सीताबर्डीकरांच्या सूचनेनुसार तो भाग व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या प्रतीत राहणार नाही, फक्त वाचनाच्या प्रतीत आणि टपालाने जाणाऱ्या मोजक्या प्रतींत राहील. ध्वनिमुद्रणही त्या ओळी सोडूनच करू. दिरांनी पंगतीबद्दलचे वाक्य ठेवायला आनंदाने होकार दिला. उलट ते ठळक अक्षरांत छापावे, असे त्यांचे म्हणणे आहे.

सीताफळाचे झाड आहे. शिवणयंत्र भाचीने मागून घेतले आहे. दोन्ही गोष्टी पत्रात आल्या आहेत.

मसुदा मोठ्या बाबांकडे दिला होता. सासूबाईंच्या गुडघ्यावर मी लिहिलेला परिच्छेद अर्धा करावा, एवढी एकच दुरुस्ती त्यांनी सुचवली. सासूबाईंना ती मान्य नाही.